महिन्यातला दुसरा बुधवार

धाकटी त्रेसष्ट वर्षांची होती. शेंडेफळाला हे नाव एकदा चिकटलं की केस पिकले तरी सुटत नाही. दादा तिला ‘धाकटे’ म्हणायचा, वहिनी ‘धाकट्या वन्सं’ म्हणायच्या, आणि तिचा नवरा, जो घड्याळं दुरुस्त करायचा आणि माणसांशी बेताचंच बोलायचा, तोही लग्नानंतर महिन्याभरात ‘अगं धाकटे’वर आला होता. चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये जिवंत माणसांची बोलणी जुळवून दिल्यावर एक्सचेंज बंद पडलं आणि ती घरी बसली. घरी बसणं तिच्या रक्तात नव्हतं. मग तिने मेलेल्यांची नाती जुळवायला घेतली.

वंशावळीचं वेड वाईट. इतर वेडांना निदान सुट्टी तरी असते. धाकटीच्या घरी जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग पूर्वजांनी अडवलेला होता. प्रत्येकाला एक लिफाफा, लिफाफ्यावर नाव, आत जे काय मिळालं ते: जन्माची नोंद, शाळेचा दाखला, कुठल्या तरी कारखान्याच्या हजेरीपटाची नक्कल. नवरा ताट घेऊन यायचा आणि म्हणायचा, “तुझ्या पणजोबांना जरा पलीकडे सरकव. आमटी सांडली तर परत मरतील.”

शिवाय तिची एक शोधवही होती. एक्सचेंजची सवय. तिथे प्रत्येक कॉलची वेळ लिहावी लागे, म्हणून इथेही ती सगळं टिपून ठेवायची: तारीख, कुठल्या ऑफिसात गेले, किती वाजता, कुठलं रजिस्टर पाहिलं, काय मिळालं, सोबत कोण होतं. अकरा वर्षांच्या सात वह्या झाल्या होत्या.

या सगळ्याचं फळ आता दिसणार होतं. येत्या रविवारी दादा पंच्याहत्तर वर्षांचा होत होता. वहिनींनी हॉल घेतला होता, ऐंशी खुर्च्या सांगितल्या होत्या, आणि धाकटीची भेट होती घराण्याचा भला मोठा छापील तक्ता. एकशे बेचाळीस चौकटी. छापखान्यात तो शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. एकशे एक्केचाळीस चौकटी भरलेल्या होत्या आणि एक अर्धी. त्या अर्ध्या चौकटीपायी धाकटीची झोप उडाली होती.

चौकट होती आत्याची, म्हणजे वडिलांच्या धाकट्या बहिणीची. घरात तिच्याबद्दल एकच वाक्य चालत आलेलं होतं: नऊ वर्षांची असताना तापाने गेली. धाकटीनेही ते लहानपणापासून ऐकलं, मान डोलावली आणि सोडून दिलं. पण अकरा वर्षांपूर्वी एका जुन्या शाळेचं रजिस्टर चाळताना आत्या तिला आठवीच्या वर्गात सापडली. वय चौदा. गणितात पहिली. मेलेल्या मुली आठवीत जात नाहीत आणि गेल्याच तर गणितात पहिल्या येत नाहीत, एवढं धाकटीला कळत होतं. त्या दिवसापासून ती आत्याच्या मागे लागली. आठवीनंतर काय झालं? लग्न? आजार? कुठे गेली? एक कागद मिळेना.

आणि या शोधात तिच्याबरोबर कोण होतं, तर दादा.

दादाबद्दल थोडं सांगायला हवं. आईवडील एकाच वर्षात पाठोपाठ गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता आणि धाकटी पाच. नातेवाईक म्हणाले, पोरीला कुणाकडे तरी देऊन टाक. दादा म्हणाला, नाही. तो कारखान्यात लागला, सकाळी तिची वेणी घालून कामावर जायचा, आणि वेणी अशी घालायचा की दुपारपर्यंत ती सुटलेली असायची. तिच्या प्रगतिपुस्तकावर ‘पालकाची सही’ या ओळीवर दहा वर्षं त्याची सही होती. तिला कॉलेजात जायचं होतं, इतिहास शिकायचा होता. ते जमलं नाही, दादाची तेवढी ऐपत नव्हती. अठराव्या वर्षी ती एक्सचेंजमध्ये लागली. तिने त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही. दादाने तिच्यासाठी जे केलं त्यापुढे कॉलेज म्हणजे काय!

तर हा दादा, तिने शोध सुरू केला तेव्हा आपण होऊन म्हणाला, “जुनी रजिस्टरं शेजारच्या शहरात आहेत ना? मी नेत जाईन तुला गाडीने. महिन्यातनं एकदा. दुसरा बुधवार धरू.” दीड तासाचा रस्ता. अकराला तो तिला तिथल्या रेकॉर्ड ऑफिसच्या दारात सोडायचा. स्वतः आत यायचा नाही. “त्या धुळीने मला शिंका येतात. मी गाडीत पेपर वाचत बसतो.” पावणेतीनला तो दोन कागदी कपांत चहा घेऊन दारात हजर. परतताना ती म्हणायची, “आजपण नाही सापडली रे.” आणि तो एक हात स्टिअरिंगवरून काढून तिच्या गुडघ्यावर थोपटायचा. “सापडेल गं.”

सहा वर्षांपूर्वी दादाचे गुडघे दुखायला लागले आणि त्या फेऱ्या बंद झाल्या. तेव्हापासून धाकटी आपल्याच शहरातल्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये आठवड्यातून तीन दिवस फुकट राबायची. स्वयंसेवक म्हणतात त्याला. तिथल्या मॅडम म्हणजे रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई, कडक शिस्तीच्या; पाण्याची बाटली टेबलावर दिसली तर माणसाकडे अशा बघायच्या की तहान आपोआप भागावी.

त्या आठवड्याच्या सोमवारी ऑफिसात नवी खोकी आली. शेजारच्या शहरातला एक वृद्धाश्रम बंद पडला होता आणि त्याचे सगळे कागद सरकारजमा झाले होते. त्यांची यादी करायची होती. कामाची पद्धत अशी: पानाचा फोटो पडद्यावर येतो, तेच पान दोन जण वेगवेगळे बसून टाइप करतात, एकमेकांचं न बघता. दोघांचं जुळलं तर ठीक. जुळलं नाही तर ते पान तिसऱ्याकडे जातं. तिसरी धाकटी. मॅडम याला ‘भांडणं सोडवणं’ म्हणायच्या, आणि धाकटीइतकी चांगली भांडणं कुणी सोडवत नाही असंही म्हणायच्या. सोमवारी तिने एकोणीस भांडणं सोडवली आणि घरी येऊन नवऱ्याशी दुधावरून एक केलं.

मंगळवारी दादा आला, तक्ता बघायला. धाकटीने टेबल मोकळं करून कच्चा कागद पसरला. दादाने चष्मा लावून एकेक चौकट पाहिली, आजोबांपाशी हसला, स्वतःच्या नातवंडांपाशी जरा जास्त वेळ थांबला. मग त्याचं बोट त्या अर्ध्या चौकटीवर आलं.

“ही अशी रिकामी ठेवणार?”

“सापडली नाही तर काय करू?”

“सोडून दे आता. नऊ वर्षांची पोर ती. सगळे म्हणतात तसं लिही नि मोकळी हो.”

“दादा, आठवीत होती ती.”

“शाळेवाल्यांची चूक असेल. तेव्हा कोण एवढं बघत होतं?” त्याने चष्मा काढून पुसला. “अकरा वर्षं भुई धोपटलीस. माझ्या वाढदिवसाला तरी ते भूत घरात आणू नकोस.”

धाकटीला वाईट वाटलं, पण राग नाही आला. दादा थकलाय, तिला वाटलं. तिने त्याला दारापर्यंत सोडलं, जिन्यात दिवा लावला, आणि तो खाली पोचेपर्यंत वरून बघत उभी राहिली.

बुधवारी अकराच्या सुमारास तिच्या पडद्यावर एक भांडण आलं. वृद्धाश्रमाच्या भेटीच्या वहीतलं पान. भेटायला येणाऱ्याने तारीख लिहायची, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, कोणाला भेटायचं, नातं काय, आणि सही करायची. भांडण सहीचं होतं. पहिल्या स्वयंसेवकाने, एका निवृत्त पोस्टमास्तरांनी, लिहिलं होतं ‘वाचता येत नाही’. दुसऱ्या होत्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी अंदाजाने काहीतरी ठोकून दिलं होतं. धाकटीने फोटो मोठा केला.

तिची नजर आधी सहीवर गेलीच नाही. ती गेली ‘कोणाला भेटायचं’ या रकान्यावर. तिथे आत्याचं नाव होतं. पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट, माहेरचं आडनाव. धाकटीने खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. मॅडमनी मान वर केली तरी तिला भान नव्हतं. सापडली! जगली होती! म्हातारी झाली होती! कुणीतरी तिला भेटायला येत होतं! अकरा वर्षांत इतका आनंद तिला झाला नव्हता, आणि पहिला विचार मनात आला तो हा, की दादाला फोन करायला पाहिजे.

फोन तिने हातात घेतलासुद्धा. मग भांडण सोडवायचं राहिलंय म्हणून सहीकडे पाहिलं.

पोस्टमास्तरांना वाचता येत नव्हती. डॉक्टरीणबाईंना येत नव्हती. जगात ती सही वाचू शकेल असं बहुधा एकच माणूस होतं, आणि ते त्या खुर्चीत बसलेलं होतं. पहिल्या अक्षराची ती मोठी फुगीर गाठ, शेवटाला मागे वळून आलेली शेपटी आणि खाली दोन ठिपके. पालकाची सही. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘भाचा’.

तिने पुढचं पान उघडलं. पुढचं. त्याच्या पुढचं. पहिल्या वर्षी दोनच भेटी होत्या. मग महिन्याला एक. आल्याची वेळ अकरा वीस, अकरा पंचवीस. गेल्याची अडीच. कुठल्याच महिन्यात खंड नाही. मॅडमनी विचारलं, “बरं वाटत नाहीये का?” तेव्हा ती म्हणाली, “घरी जाते.” आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिने एक भांडण न सोडवता सोडून दिलं.

घरी येऊन तिने शोधवह्या काढल्या. तारखा आठवायची गरज नव्हती, तरी एकेक लावून बघितली, कारण ती तिची पद्धत होती. दुसरा बुधवार. दुसरा बुधवार. ‘सकाळी ११ ते २.४५. मृत्यूची रजिस्टरं पाहिली. काही नाही. सोबत: दादा.’ अशा चोपन्न नोंदी तिच्या वहीत होत्या आणि त्याच चोपन्न तारखा त्या दुसऱ्या वहीत. तो तिला आत्याला शोधायला दारात सोडायचा आणि स्वतः चार पावलांवर आत्याला भेटायला जायचा.

चार पावलं ही म्हणायची गोष्ट नव्हे. वृद्धाश्रमाचा पत्ता रेकॉर्ड ऑफिसच्या मागच्या गल्लीतला होता. तिथल्या वाचनाच्या खोलीला मागच्या बाजूला खिडकी होती. धाकटी तिथे बसून डबा खायची. खाली एका अंगणात म्हाताऱ्या बायका उन्हात खुर्च्या टाकून बसलेल्या असायच्या. कुणी विणत असायचं, कुणी नुसतंच. एकदोनदा तिने वरून हात हलवला होता आणि त्यांच्यातल्या एकीने उलट हलवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे वळसा घालायला गाडी दादाचीच होती.

संध्याकाळी नवरा दुकानातून आला, टेबलावरच्या वह्या पाहिल्या, बायकोचा चेहरा पाहिला, आणि विनोद केला नाही. सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाला, “त्याला विचार.”

“विचारीन. पण आधी बघून येते. विचारायला गेले की तो सांगेल ते खरं वाटेल मला. आयुष्यभर तेच झालंय.”

गुरुवारी ती मॅडमसमोर उभी राहिली. स्वयंसेवकांनी कामात पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, अशी लेखी हमी दिलेली असते. म्हणून ती म्हणाली, “आज मी कामाला आले नाही. नातेवाईक म्हणून आलेय.” मॅडमनी काही न विचारता अर्ज पुढे केला. धाकटीने तो भरला, नात्याच्या जागी ‘भाची’ लिहिलं, ओळखपत्र जोडलं. तासाभराने आत्याची फाइल तिच्या पुढ्यात होती. मॅडमनी त्या दिवशी स्वतःहून टेबलावर पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

आत्या नर्स होती. मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेली. लग्न केलेलं नव्हतं. वृद्धाश्रमात आली ती बारा वर्षांपूर्वी, गेली सहा वर्षांपूर्वी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, झोपेत. जवळचे नातेवाईक: भाचा. आणि मग तिथल्या मेट्रनच्या नोंदी होत्या, दोन-दोन ओळींच्या, बारीक अक्षरातल्या. खाणं, औषधं, पाय सुजले, चष्मा बदलला. मधूनच:

‘भाचा आला होता. भाचीला घेऊन ये म्हणून मागे लागल्या होत्या.’

‘आज पुन्हा भाचीबद्दल विचारलं. भाचा म्हणाला, तिला सगळं ठाऊक आहे, पण ती यायला तयार नाही. जेवल्या नाहीत.’

‘भाचीने यावं म्हणून चिठ्ठी लिहून भाच्याबरोबर पाठवली.’

आणि पुढच्या वर्षी: ‘आता विचारत नाहीत.’

धाकटीने ते वाक्य दोनदा वाचलं. मग तिने फाइल बंद केली, दोरी बांधली, अर्जावर ‘परत केली’ अशी सही केली, बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. आत्या गेली म्हणून नव्हे. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसासाठी एवढं रडू येत नाही. तिच्या नावाने कुणीतरी ‘नाही’ म्हणून आलं होतं, आणि ज्या म्हातारीला ते ऐकावं लागलं ती मागच्याच गल्लीत बसून ते खरं मानत होती. धाकटीला आत खिडकीत डबा उघडताना याचा पत्ताही नव्हता. विश्वासाने मान द्यावी आणि केसाने गळा कापावा तो हा असा.

शुक्रवारी ती छापखान्यात गेली. छापखानेवाला मनमिळाऊ माणूस. म्हणाला, “ताई, एक चौकट अर्धीच राहिलीय. नुसतं नाव आणि जन्म आहे. नजरचुकीने राहिलं का?”

“राहू दे. हाताने भरायचीय.”

“मग कागद जरा खरखरीत घेतो. गुळगुळीत कागदावर शाई पसरते,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. जगात सगळीकडे कामं चालू होती.

शनिवारी दुपारी वहिनी हॉलवर खुर्च्या मोजायला गेल्या असतील अशा वेळी धाकटी दादाकडे गेली. तो उद्याचे बूट पुसत बसला होता. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. समोर बसली आणि म्हणाली, “दादा, दुसऱ्या बुधवारी तू गाडीत पेपर वाचत नव्हतास.”

दादाने हातातला ब्रश खाली ठेवला. त्याने आव आणला नाही, ‘काय बोलतेस’ म्हटलं नाही. कुठेतरी तो या वाक्याची वाट बघत असावा.

“कुठे सापडलं?”

“तुझी सही सापडली.”

त्याने बुटांची जोडी नीट लावून ठेवली. मग बोलायला लागला. आत्या एकोणिसाव्या वर्षी घर सोडून नर्स व्हायला गेली. आजोबांनी फतवा काढला: मेली म्हणून सांगा, आणि लहानपणी मेली म्हणून सांगा, म्हणजे कुणी पुढचं विचारणार नाही. आईवडील गेल्यावर ती आली होती. तिला इस्पितळाकडून राहायला जागा होती, पक्की नोकरी होती. धाकटीला न्यायला आली होती.

“मला न्यायला?”

“म्हणाली, मी हिला शिकवीन. डॉक्टर करीन. तूपण चल म्हणाली, पण मेली म्हणून सांगितलेल्या बाईच्या घरी मी कसा जाणार होतो? मी नाही म्हटलं. म्हटलं, आमची आत्या लहानपणीच मेली. दार लावून घेतलं. सतरा वर्षांचा होतो गं मी. तू गेली असतीस तर माझं कोण होतं?”

हे धाकटीला समजलं. खरंच समजलं. सतरा वर्षांच्या पोराने दार लावून घेतलं, ते ती तिथल्या तिथे माफ करून बसली असती. “ते सोड,” ती म्हणाली. “मी शोधायला लागले तेव्हा तू सतरा वर्षांचा नव्हतास. चौसष्टचा होतास. मी तिला शोधत होते आणि तू मला तिच्या दारावरून नेत होतास. का?”

“तुझ्या वहिनीला काय सांगून गेलो असतो दर महिन्याला? तुझं निमित्त होतं. वृद्धाश्रमात गेल्यावर तिनेच मला फोन केला होता. एकटी होती ती. कुणीतरी जायला हवं होतं.”

“मी गेले असते!”

“तू गेली असतीस तर तिने सांगितलं असतं, न्यायला आले होते म्हणून. मग तू मला विचारलं असतंस, का नाही पाठवलंस? कॉलेजचं विचारलं असतंस.”

“म्हणून तू तिला सांगितलंस, मी यायला तयार नाही?”

दादाने मान डोलावली.

“काय म्हणाली ती?”

“म्हणाली, बरोबर आहे तिचं. मी तेव्हा आणखी एकदा यायला हवं होतं. एकदाच आले.”

“आणि चिठ्ठी?”

“फाडली.”

धाकटी उठली. तिला काहीतरी फेकावंसं वाटत होतं आणि फेकण्यासारखं हाताशी फक्त बूट होते, चकचकीत पुसलेले. तिने फेकले नाहीत. “उद्या तक्ता लागेल,” ती म्हणाली. “तिची चौकट मी रिकामी ठेवलीय. सगळ्यांसमोर ती तू भरायची. स्वतःच्या हाताने, खरं काय ते. मला दुसरं काही नको तुझ्याकडून.”

“तुझ्या वहिनीला माहीत नाही. पोरांना माहीत नाही. पंच्याहत्तराव्या वर्षी मी—”

“भरशील की नाही?”

“भरतो.”

“नक्की?”

“म्हटलं ना, भरतो. तुला मी कधी फस—” आणि तो मध्येच थांबला. वाक्य तसंच अर्धं राहिलं आणि धाकटी निघून आली.

रविवारी हॉल भरला होता. तक्ता समोरच्या भिंतीवर लावला होता आणि लोक त्यात स्वतःला शोधत होते. माणूस मोठा झाला तरी आधी आपलंच नाव बघतो. वहिनी नव्या चपलांनी लंगडत सगळ्यांना सांगत होत्या, “आमच्या धाकट्या वन्संनी केलंय हो, एकटीने.” धाकटी नवऱ्याशेजारी मागच्या रांगेत बसली होती. तो तिचा हात धरून होता, जे तो एरवी चारचौघांत करत नसे.

केक कापून झाला. वहिनींनीच माइक घेतला. “आणि आता ही एक चौकट राहिलीय, ती म्हणे घरातल्या थोरल्याने भरायची. या हो.” टाळ्या पडल्या. दादा उठला, तक्त्यापाशी गेला. त्याने खिशातून पेन काढलं. एकदा मागे वळून पाहिलं. त्याची नजर धाकटीवर आली, तिथून वहिनींवर गेली, नातवंडांवर गेली. मग तो वळला आणि त्याने लिहिलं.

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी ते मोठ्याने वाचलं. “मृत्यू, वयाच्या नवव्या वर्षी, तापाने.”

“अरेरे,” कुणीतरी म्हणालं. मग पुन्हा टाळ्या वाजल्या.

धाकटीला वाटलं होतं की आता फसायला काही शिल्लक नाही. होतं. नवऱ्याच्या हातातून हात सोडवून ती उठली. खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेली, आणि लोकांना वाटलं भावाला मिठी मारायला जातेय. तिने दादाच्या हातातून पेन घेतलं.

रेकॉर्डात चूक दुरुस्त करायची एक रीत आहे. चुकलेलं खोडून काळं करायचं नाही, खरवडायचं नाही. त्यावरून एकच सरळ रेघ ओढायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते कायम वाचता येतं. वर खरं लिहायचं. बाजूला दुरुस्ती करणाऱ्याची सही, आणि खाली साक्षीदाराची. धाकटीने रेघ ओढली. वर मृत्यूची तारीख लिहिली, वय सत्त्याऐंशी, व्यवसाय परिचारिका. बाजूला सही केली. मग पेन दादापुढे धरलं.

“साक्षीदार म्हणून सही कर.”

“धाकटे,” तो हळूच म्हणाला, “घरी जाऊन बोलू.”

“चोपन्न वेळा केलीस. आणखी एकदा कर.”

दादाने पेन घेतलं नाही. हॉलमधली कुजबुज एकेक रांग करत थांबली. वहिनी लंगडत पुढे आल्या, पर्समधून चष्मा काढला आणि तक्त्याला नाक लावून वाचू लागल्या. तारखेपाशी त्या थांबल्या. बोटांवर काहीतरी मोजलं. मग दादाकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं.

“सहा वर्षांपूर्वीपर्यंत? अहो, म्हणजे त्या होत्या?”

दादा भिंतीकडे बघत उभा होता. साठ वर्षं न उच्चारलेला तो शब्द त्याने तिकडेच बघत म्हटला.

“होती.”

धाकटीने पेनाला टोपण लावलं, ते टेबलावर ठेवलं आणि मागच्या रांगेत जाऊन नवऱ्याला म्हणाली, “चला, घरी जाऊ.”